तोंडावर वाचून दाखवण्याचा नियम

जळगावातल्या आमच्या कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपची मी ॲडमिन झाले, कारण मीटिंगला मी उशिरा पोचले. नळाला पाणी कधी, फाटकात गाडी कोणाची, एवढंच तिथे चालायचं. मग हिवाळा आला आणि भरताचा विषय निघाला.

माझ्या सासऱ्यांना सगळी कॉलनी नाना म्हणते. त्यांनी ग्रुपवर लिहिलं, की गॅसवर भाजलेल्या वांग्याचं भरीतही तितकंच चवदार लागतं. खानदेशात हे लिहिणं म्हणजे आपल्या हातानं पायावर धोंडा पाडून घेणं. इथे वांगी भाजायची ती पऱ्हाट्यांवर, कपाशीच्या वाळल्या काड्यांवर. शेजारचे आबा नानांचे रोजचे बाकावरचे सोबती. त्यांनी लिहिलं, साठी बुद्धी नाठी. नानांनी उत्तर दिलं, उद्या बाकावर ये, दाखवतो. ही धमकी आहे, कारवाई करा, म्हणून लोक माझ्या मागे लागले. दोघांनाही जिना चढताना कठडा धरावा लागतो, पण धमकी ती धमकी.

मी ग्रुपला कुलूप लावलं. आता फक्त मीच लिहू शकत होते. तेव्हा सगळ्यांनी आपापली सुप्रभातची गुलाबं मलाच पाठवायला सुरुवात केली. त्याहून वाईट म्हणजे नाना बाकावर जाईनासे झाले. संध्याकाळभर स्वयंपाकघरात बसून माझ्या फोडणीवर लक्ष ठेवायचे. मला त्यांची दया यायची, आणि लाटणंही हाताशीच असायचं. या दोघांचं जुळलं नाही तर माझं काही खरं नव्हतं.

शेवटी कुलूप काढलं आणि एकच नियम केला. कुणाविरुद्ध काय वाटेल ते लिहा, पण आधी त्याच्या तोंडावर वाचून दाखवा.

त्याच संध्याकाळी आबा आले. फोन आणला होता, चष्मा विसरले होते. नानांनी स्वतःचा काढून दिला. आबांनी तो नाकावर चढवला आणि खणखणीत आवाजात वाचलं, "त्या दिवशी बाकावर तुम्ही डब्यातून जे खाऊ घातलं, ते भरीत नसून वांग्याचा चिखल होता. कुठल्या हॉटेलातून आणला, ते जाहीर करावं."

कसला डबा? मी पोळी तव्यावर सोडून बाहेर आले.

नाना जमिनीकडे बघत म्हणाले, "हाटेलनं नही ते. सूनबाईनी करेल शे."

आबांचा चेहरा पडला. ते घाईघाईनं मेसेज पुसायला गेले आणि दुसऱ्याच्या चष्म्यातून भलतंच बटण दाबलं. माझा चिखल अख्ख्या कॉलनीत पोचला.

तो पुसायचा अधिकार मला होता. पण नियम पाळला गेला होता. ज्याच्याविरुद्ध लिहिलं, त्याच्या तोंडावर वाचून झालं होतं. मी मेसेज राहू दिला.

दोघं म्हातारे बाकाकडे निघाले, चष्मा आबांच्याच नाकावर. माझ्या गॅसवरच्या भरतासाठी नाना जन्माच्या दोस्ताशी भांडले, या विचारानं मला रडू आलं. मग आठवलं, चिखल होता, हे त्यांनीही नाकारलं नव्हतं.