‘करपा’चा दौरा: यावल ते शिंदखेडा

दौऱ्यावरून परतलं की आमच्या गाडीतून वायरींची भेंडोळी उतरतात, धूळ उतरते आणि किस्से उतरतात. वायरी गुंडाळून ठेवता येतात, धूळ झटकता येते. किस्से मात्र घरात येऊन बसतात. कोणी चहाला आलं की मी एखादा सांगतो, समोरचा पोट धरून हसतो, आणि यात हसण्यासारखं काय होतं हे मला कळत नाही!

मी जळगावच्या एका सरकारी कचेरीतून निवृत्त झालेला कारकून. रॉक संगीताशी माझा संबंध एवढाच, की शेजारच्या प्रशांतला लाउडस्पीकरच्या परवानगीचा अर्ज लिहून हवा होता. अर्ज मंजूर झाला. त्या दिवसापासून पोरं मला मॅनेजर म्हणतात. आमची ही काय म्हणते, ते लिहिण्यासारखं नाही.

बँड तिघांचा, नाव ‘करपा’. प्रशांत गातो आणि गिटार वाजवतो. भूषण ड्रम बडवतो. जयेश बेस गिटार वाजवतो. ती वाजते तेव्हा कोणाला ऐकू येत नाही आणि थांबली की सगळं कोसळतं. आमच्या हेडक्लार्कसारखं.

प्रशांतने स्वतः एक गाणं रचलंय, ‘पंचेचाळीस डिग्री’. आपल्याकडच्या मे महिन्यावर. सुरुवात संथ, आणि शेवटचं कडवं असं की ऐकताना घशाला कोरड पडते. मी आयुष्यभर पुस्तकं वाचली आहेत, चांगलं हा शब्द जपून वापरतो. गाणं चांगलं आहे.

अडचण एकच. ते कुठल्याच कार्यक्रमात शेवटपर्यंत वाजत नव्हतं. प्रशांतच्या वडिलांनी, वसंतरावांनी, त्याच्यासाठी पुण्याला मेहुण्याच्या कारखान्यात जागा धरून ठेवली होती. प्रशांत मला म्हणायचा, “एकदा लोकांसमोर पूर्ण वाजू दे नाना. मग गिटार पलंगाखाली.”

*

यावलजवळच्या एका गावात हनुमान जयंतीचा कार्यक्रम होता. मंडळाचे अध्यक्ष नामदेव आबा आमचा बॅनर बघून जागच्या जागी उभे राहिले.

“हे नाव माईकवर घ्यायचं नाही.”

“का हो आबा?”

“करपा म्हणजे केळीवरचा रोग! बागा उभ्या आहेत आमच्या, अन् तू मारुतीसमोर रोगाचं नाव घेतो?”

प्रशांतने समजावलं, “रॉकमध्ये अशीच नावं असतात आबा. ऐकणारा दचकला पाहिजे.”

“दचकायला आम्हाला केळीचा भाव आहे!”

शेवटी बॅनरवरच्या नावावर झेंडूचा हार सोडला आणि ‘जळगावची मुलं’ म्हणून आमची घोषणा झाली. पोरांनी ‘पंचेचाळीस डिग्री’ सुरू केलं. दुसऱ्या कडव्याला वारा सुटला. त्या भागात वाऱ्याला लोक सापापेक्षा जास्त भितात, कारण तो उभी केळ आडवी करतो. मंडपाचं कापड फडफडलं, आणि वाऱ्याने हार उडून खाली पडला. मागे भलामोठा ‘करपा’!

आबांनी स्वतः जाऊन प्लग उपटला. वारा लगेच थांबला.

आता त्या गावाला विज्ञान कोण शिकवणार?

*

आमची पिकअप गुलाबभाऊंची. एरवी त्यांच्या गाडीत केळी असतात. केळीचा घड दबला की व्यापारी नाक मुरडतो, म्हणून गुलाबभाऊंचा पाय ब्रेकवरच. ड्रमच्या खाली त्यांनी केळीची पानं अंथरली. पोरं मागे, ड्रमच्या शेजारी.

खड्डा आला की गुलाबभाऊ काच खाली करून ओरडायचे, “माल ठीक आहे का?”

“मी आपटलो!” भूषण मागून ओरडायचा.

“तुला नाही विचारलं!”

पारोळ्याच्या पुढे एका यात्रेला आम्ही त्याच गतीने पोहोचलो. स्टेजसमोरच्या आखाड्यात कुस्ती चालू होती. आयोजक म्हणाले, “एवढी जोड निकाली झाली की तुमचं गाणं.” ते दोन्ही पहिलवान इतके तोलामोलाचे, की आम्ही निघालो तरी ते एकमेकांच्या मानेवर हात ठेवून उभेच होते.

*

धुळ्याच्या एका कॉलेजात गॅदरिंग होतं. तिथे गाण्याचे शब्द आधी समितीला दाखवायचे. समिती म्हणजे मराठीचे एक सर. त्यांनी चष्मा पुसून दोनदा वाचलं.

“आक्षेपार्ह काही नाही. पण निराशा फार आहे.”

“सर, उन्हाळ्यावर आहे.”

“असू दे की. शेवटच्या कडव्यात पाऊस आणा! दोन ओळी पुरे.”

“मे महिन्यात धुळ्याला पाऊस येतो का सर?”

“गाण्यात यायला काय हरकत आहे? अनुदानित कॉलेज आहे आपलं!”

प्रशांतने पाऊस आणला नाही. सरांनी कडवं काढलं. त्यामुळे गाणं भलत्याच ठिकाणी थांबलं, आणि लाईट गेली समजून अख्ख्या हॉलने शिट्या मारल्या. आजवरचा सगळ्यात मोठा प्रतिसाद तोच.

*

दोंडाईच्याला जयेशच्या मित्राच्या हळदीत वाजवायचं होतं. प्रशांत पहिल्या कडव्यावर आला आणि नवरदेवाच्या मामांनी त्याच्या हातातून माईक घेतला.

“थांब भो. एक धवळी गाडी पंगतना रस्तामा उभी शे! जेनी व्हई त्यानी काढी लेवा!”

कोणी आलं नाही. मामांनी पांढऱ्या गाडीचं पुन्हा सांगितलं. मग माईक एका अक्कांनी घेतला आणि हरवलेल्या नातवाला हाका मारल्या. नातू सापडला. त्यानेही माईकवर एक श्लोक म्हटला. वाढपी लोकांनी रस्त्याबद्दल ओरड केली, मामा पुन्हा गाडीवर आले. शेवटी माईक परत देताना ते प्रेमाने म्हणाले, “चालू दे भो. बठ्ठासले आवडनं!”

ज्या सगळ्यांना ते आवडलं होतं, ते तोवर पंगतीला बसले होते आणि गाणं नको, असं ठरलं होतं.

जयेश बाहेर जाऊन आला आणि माझ्या कानात म्हणाला, “नाना, ती गाडी आपलीच आहे. गुलाबभाऊ आत झोपलेत.”

*

जळगावच्या एका कार्यक्रमाला वसंतराव पहिल्यांदाच आले. पहिल्या रांगेत, हाताची घडी घालून. गाणं रंगात आलं आणि पुढारी आले. पुढारी आले की माईक गायकाचा राहत नाही. शाल, नारळ, फोटो. मग पुढारी पोरांकडे बोट करून बोलले, “तरुणांनी हे नाद सोडून कामधंद्याला लागलं पाहिजे!”

वसंतरावांनी टाळ्या वाजवल्या. ‘करपा’च्या कार्यक्रमात त्यांनी टाळ्या वाजवल्या त्या एवढ्याच.

घरी जाताना ते मला म्हणाले, “कारकुनसाहेब, तुमचे अर्ज आता पुरे. शिंदखेड्याची सुपारी घेतलीय ना? ती वाजवा. दुसऱ्या दिवशी तो पुण्याच्या गाडीत बसेल.”

प्रशांत मागे उभा होता. तो ‘हो’ म्हणाला. मला वाटलं होतं, भांडेल.

*

शिंदखेड्याला सभागृहाचं उद्घाटन होतं, दुपारच्या उन्हात. आम्ही तारा जोडून तयार झालो. उद्घाटक साहेबांचा पत्ता नव्हता. संयोजक राजूभाऊ, पांढरे कपडे, दोन्ही हातांत फोन, धावतच आले.

“साहेब अजून फाट्यावर आहेत. तोवर वाजवत राहा.”

“काय वाजवू?” प्रशांतने विचारलं.

“काहीही!”

प्रशांतने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. भूषणने काठ्या उचलल्या.

समोर खुर्च्या मांडणं चालू होतं. दोन बाया रांगोळी घालत होत्या. एकाच्या खांद्यावर शिडी होती. मागे भरिताची वांगी भाजायला कपाशीच्या वाळक्या काट्या पेटवल्या होत्या आणि धूर स्टेजवर येत होता. प्रशांतने पहिलं कडवं म्हटलं. कोणी आलं नाही. दुसरं म्हटलं. वारा सुटला नाही. गाडी कोणाच्या आड येत नव्हती, कारण मी गुलाबभाऊंना स्वतः पिंपळाखाली लावायला सांगितली होती. शेवटच्या कडव्याला प्रशांतने डोळे मिटले, आणि त्याचा आवाज असा लागला की खुर्च्या मांडणारा माणूस हातात खुर्ची तशीच धरून उभा राहिला. भूषणच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, गाण्याने की धुराने, मला सांगता येणार नाही.

गाणं संपलं. संपूर्ण. शेवटची तार थरथरून थांबली.

खुर्चीवाल्याने खुर्ची खाली ठेवली आणि मला विचारलं, “नाना, ही लाईन सरळ शे ना?”

तेवढ्यात गेटवर गाड्यांचे हॉर्न वाजले. राजूभाऊ नारळ घेऊन धावत स्टेजवर आले. त्यांनी प्रशांतच्या पाठीवर थाप मारली.

“एक नंबर साउंड शे भो! टेस्टिंग झाली ना? आता साहेब नारळ फोडतीन, मग देशभक्तीपर दोन वाजवा अन् आवरा.”

प्रशांतने गिटारचा पट्टा खांद्यावर सरळ केला. मग तो माईकजवळ वाकला.

“हॅलो,” तो म्हणाला. “चेक... चेक... चेक.”