बेकरीवाल्या बाईंचं अपील

बेकरीवाल्या बाई गेल्या महिन्यात गेल्या. त्यांच्याविषयी मी काही लिहावं असं त्यांच्या मुलीनं सुचवलं. "तुम्ही आईला ओळखत होतात," असं ती म्हणाली. खरं सांगायचं तर मी त्यांना फारसा ओळखत नव्हतो. त्यांना गाणं आवडायचं की नाही, एकट्या असल्या की त्या काय करत, लहानपणी त्या कशा होत्या, मला काही ठाऊक नाही. कित्येक वर्षं सकाळी मी त्यांच्या दुकानात जाऊन "एक मोठा" म्हणायचो, त्या पाव कागदात गुंडाळून द्यायच्या आणि मी मान हलवून निघायचो. याच्यापुढे बोलणं मला कधी जमलं नाही. पण मी ज्या वकीलसाहेबांकडे कारकून होतो त्यांच्याकडे बाईंच्या भावाचं अपील आलं, आणि बाईंच्या आयुष्यातला सगळ्यात वाईट दिवस मला टाइप करावा लागला. तेवढ्या आधारावर लिहितो आहे. कुठे चुकलो तर ती चूक माझी.

बेकरी बाईंच्या नवऱ्याची होती. माणूस कष्टाळू, पण राग नाकाच्या शेंड्यावर. बाईंचा धाकटा भाऊ त्याच भट्टीवर राबायचा. मेहुण्याला तो दाजी म्हणायचा आणि त्याच्यापुढे सहसा तोंड उघडायचा नाही. एके दिवशी हा भाऊ पिठात मीठ घालायला विसरला. सगळा घाणा अळणी निघाला. गिऱ्हाइकं पाव परत घेऊन आली आणि एकानं तर दुकानात सगळ्यांसमोर विचारलं, "काय हो, आजाऱ्यांसाठी वेगळे पाव काढायला लागलात का?" लोक हसले. नवऱ्याला ते फार लागलं.

दुपारी भाऊ भट्टीतले निखारे ओढत होता. नवरा मागच्या अंगणात उभा राहून ओरडत होता. "आज मीठ विसरलास, उद्या डोकं विसरशील! बहिणीच्या पदराआड किती दिवस खाणार आहेस रे?" भाऊ अंगणात आला. नवऱ्यानं त्याची गचांडी धरली, थोबाडीत दिली. भावाच्या हातात निखारे ओढायची लोखंडी सळई होती. ती एकदाच वर गेली आणि एकदाच खाली आली. नवरा कोसळला. भावानं सळई फेकून दिली, त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि "दाजी, अहो दाजी" म्हणून हाका मारत बसला. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

हे सगळं पाहणारं माणूस एकच होतं. स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या बाई.

खालच्या कोर्टात त्यांची साक्ष झाली. मरणारा नवरा, मारणारा भाऊ आणि सांगणारी ही. काय पाहिलंत असं सरकारी वकिलांनी विचारल्यावर बाईंनी पाहिलं ते सांगितलं: भाऊ सळई हातात घेऊन अंगणात आला, ह्यांनी त्याला मारलं, मग त्यानं सळई मारली. डॉक्टरांनी सांगितलं की जखमेच्या कडा भाजलेल्या होत्या. कोर्टानं दोन्ही गोष्टी जोडल्या. बाहेर भांडण चाललेलं असताना हा तापलेली सळई घेऊन मुद्दाम चालून गेला आणि ती त्यानं डोक्यात घातली, म्हणजे जीव घ्यायचा इरादा होता. भावाला विचारलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "मी मारलं. दाजी गेले. मला काही बोलायचं नाही." त्याच्यासाठी कोर्टानं नेमलेल्या वकिलांनीही पुढे फार काही विचारलं नाही. खून ठरला. जन्मठेप झाली.

अपिलासाठी बाई आमच्या ऑफिसात आल्या तेव्हा हातात टोस्टचं पुडकं होतं. वकीलसाहेब माणसाला मोकळं करण्यात हुशार. म्हणाले, "बाई, तुमच्या टोस्टनं माझा एक दात पाडलाय. त्याचा खटला आधी चालवू का?"

"चहात बुडवायचा असतो तो, साहेब," बाई म्हणाल्या. "तुम्ही वकील लोक सगळं कोरडंच चावता."

साहेब खूप हसले. मग त्यांनी चष्मा काढला.

"हे बघा, तुमचे यजमान तुमच्या भावाच्या हातून गेले, हे आपण नाकारणार नाही. नाकारून चालणारही नाही. प्रश्न आहे, भाऊ अंगणात कसा आला याचा. मारायचं ठरवून हत्यार घेऊन आला असेल, तर तो खून. भांडण अचानक पेटलं, डोकं फिरलं आणि हातात होतं ते चाललं, क्रूरपणा केला नाही, तर त्याला कायद्यात सदोष मनुष्यवध म्हणतात. गुन्हा तोही मोठाच. पण जन्मठेपेऐवजी काही वर्षांवर निभावू शकतं. आता मला सांगा, तो सळई घेऊन का आला?"

"का म्हणजे? विझवायला."

"कशात?"

"बादलीत. निखारे ओढून झाले की टोक लाल असतं ना तिचं. आत ठेवली तर पिठाच्या पोत्यांना लागते. एकदा लागलीही होती. तेव्हापासून ह्यांनीच नियम घातला होता, सळई भट्टीतून निघाली की सरळ अंगणातल्या बादलीत. आमच्याकडे रोज तसंच करतात."

साहेबांनी चष्मा परत चढवला. मी टाइप करायचा थांबलो.

"हे तुम्ही कोर्टात का नाही सांगितलंत?"

"कुणी विचारलंच नाही. आणि त्यात सांगायचं काय, साहेब? रोजचंच ते." एवढं बोलून बाई थांबल्या. त्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला. "म्हणजे माझ्याच तोंडानं त्याला जन्मठेप झाली?"

"तुम्ही खरं तेच सांगितलंत," साहेब म्हणाले.

"खरं सांगितलं हो. पुरं नाही सांगितलं."

अपिलात नवी साक्ष घालणं जवळजवळ अशक्य असतं. आधीच्या कागदांवर जे आलं असेल त्याच्यावरच लढायचं. साहेबांनी मला जागेचा पंचनामा काढायला लावला. पोलिसांनी अंगणातल्या वस्तू लिहून ठेवल्या होत्या, आणि त्यात दाराजवळ पाण्यानं भरलेली लोखंडी बादली होती. खालच्या कोर्टात तिच्याविषयी कुणी चकार शब्द काढला नव्हता.

सुनावणीला बाई मागच्या बाकावर बसल्या होत्या. साहेबांनी दोन न्यायाधीशांपुढे शांतपणे मांडलं, की सळई तापलेली होती कारण ती नुकतीच भट्टीतून निघाली होती, आणि तिच्या वाटेवर बादली होती. गचांडी मेलेल्यानं धरली, पहिला हात त्यानं उचलला. घाव एकच. समोरचा पडल्यावर दुसरा मारता आला असता, मारला नाही. सरकारी वकील म्हणाले, सळई कशासाठी का आणली असेना, लोखंड डोक्यात घातल्यावर माणूस मरतो एवढं कुणालाही कळतं. न्यायाधीशांनी मान डोलावली. तेही बरोबरच होतं. मी बाईंकडे पाहिलं. सरकारी वकिलांचं म्हणणं ऐकताना त्याही मान डोलावत होत्या.

निकाल लागला. खून नाही, सदोष मनुष्यवध. दहा वर्षं, त्यातली बरीच आत काढून झालेली. साहेबांनी ऑफिसात पेढ्यांऐवजी टोस्टच वाटले. बाई मुलीला घेऊन आल्या होत्या. बाप गेला तेव्हा ती शाळकरी पोर होती, आता कॉलेजात जात होती.

"म्हणजे आता खून म्हणायचं नाही ना, साहेब?" बाईंनी विचारलं.

"नाही. आता ते नाव गेलं."

मुलगी दाराशीच उभी होती. म्हणाली, "मग बाबा काय अर्धेच मेले?"

बाईंनी हातातला टोस्ट टेबलावर परत ठेवला.

भाऊ सुटला तेव्हा मुलीनं आईला सांगून टाकलं, मामानं या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं तर मी बाहेर. मुलीचंही काय चुकलं? बाईंनी वाद घातला नाही. गावाच्या दुसऱ्या टोकाला, लाकडाच्या वखारीमागे त्यांनी भावाला एक खोली बघून दिली. तो वखारीत ओझी उचलायला लागला. विस्तवाजवळ तो पुन्हा कधी गेला नाही. घरात चूलसुद्धा पेटवत नाही, थंडच खातो, असं बाई एकदा पाव बांधता बांधता आपणहून म्हणाल्या. त्यावर मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी सुटे पैसे शोधत राहिलो.

रविवारी त्या डबा घेऊन भावाकडे जात. त्या दिवशी गल्ल्यावर मुलगी बसे. आई कुठे जाते हे तिला माहीत होतं. ती विचारत नसे आणि बाई सांगत नसत. एका घरात एकीनं बापासाठी झुरायचं, दुसरीनं त्याला मारणाऱ्यासाठी डबा भरायचा, आणि त्याचं नाव दोघींनीही काढायचं नाही, असं त्यांचं चाललं होतं. तरी घर चालत होतं. पाव रोज वेळेवर निघत होते. मुलगी पुढे हिशेबापासून भट्टीपर्यंत सगळं शिकली. सळई बादलीत विझवायचा नियमही तसाच राहिला. सळई अंगणात न्यायची वेळ आली की मात्र बाई स्वतः उठायच्या, तिला नेऊ द्यायच्या नाहीत. हे मला मुलीनंच परवा सांगितलं, आणि सांगताना ती माझ्यासमोर पहिल्यांदा रडली.

बाई गेल्या त्याच्या आदल्या रविवारी मला त्या बसथांब्यावर दिसल्या. डबा दोन्ही हातांनी धरलेला, कापडात गुंडाळलेला. धाप लागली होती. मी नेहमीसारखी मान हलवून पुढे जाणार होतो, पण त्यांनीच हाक मारली.

"काका, बस गेली का हो?"

"आत्ताच गेली."

"मग जाते चालत. गार होईल सगळं."

"लांब आहे, बाई."

"लांबच आहे. पण तो दारात उभा असतो." त्यांनी डबा छातीशी नीट धरला. "तुम्ही जा. सावलीनं जा."

"बरं," मी म्हणालो.