नंबर पुसलेली शिंगं

नीलम्माअक्कांनी माझे बेचाळीस नंबर एका दिवसात पुसून टाकले. मी चित्रकलेचा मास्तर. शाळेत माझ्या अक्षराला फळ्यापलीकडं कुणी जागा देत नसे. त्यामुळे बहात्तरच्या दुष्काळात आमच्या मंडळानं होटगी रस्त्याला जनावरांची छावणी काढली आणि प्रत्येक जनावराच्या शिंगावर नंबर रंगवायचं काम माझ्याकडं आलं, तेव्हा मी अगदी खुलून गेलो. पांढरा ऑइलपेंट, बारीक ब्रश, आणि बैलाच्या वळणदार शिंगावर बसवलेला एकशे सतरा! लोक हसायचे. म्हणायचे, मास्तर, बैल काय मॅट्रिकला बसणार आहेत का. हसू देत. नंबर पाच हातांवरून वाचता यायचा.

मंडळाचं नाव मोठं होतं, मुकी जनावरं सेवा मंडळ, आणि जवळ होतं काय, तर गुरुबसप्पाशेटांनी दिलेली पडीक जागा आणि माझा एक पितळी बिल्ला, ज्यावर 'चिटणीस' असं मीच लिहिलं होतं. बाकी सगळं गावावर. दर सोमवारी घराघरांतून 'मूठ' गोळा व्हायची. बाईनं भाकरीचं पीठ परातीत घेण्याआधी जनावरांच्या नावानं एक मूठ कोंडा नाहीतर चुणी मडक्यात टाकायची, आणि सोमवारी आमच्यापैकी कुणीतरी झोळी घेऊन दारात उभं राहायचं. ज्याला जमेल त्यानं कडब्याची पेंढी द्यायची. गिरणीतली माणसं पाळी संपली की परस्पर छावणीत येऊन शेण काढायची. सोलापूरचा माणूस बोलायला फटकळ, पण देताना हात आखडत नाही, हे मी त्या वर्षी पाहिलं.

नीलम्माअक्का मंडळात आल्या त्या अशाच एका सोमवारी. मी त्यांच्या दारात झोळी घेऊन गेलो, तर त्यांनी मूठ घातली आणि झोळीच माझ्या हातातून काढून घेतली. "तुमी सायेब माणूस दिसताय. लाजत मागताय. असं मागून कोण देतंय?" असं म्हणून पुढच्या दाराला गेल्या. ती सगळी विणकरांची गल्ली. दिवसभर मागांचा खडखडाट आणि बोलणं सगळं तेलुगू. अक्का अक्कलकोटाकडच्या, कानडी. तेलुगू त्यांना दहा शब्दांपलीकडं येत नव्हतं, पण त्या दहा शब्दांवर त्यांनी सगळ्या गल्लीकडून रोजची भाताची पेज कबूल करून घेतली. डोक्यावर घागर घेऊन रोज दोन मैल चालत त्या ती पेज छावणीत आणायच्या.

घरी त्या एकट्या. नवरा मडिवाळप्पा बाजारात तोलार होता, तो चार वर्षांमागं गेला. मूलबाळ नाही. शेंगाची चटणी कुटून दुकानाला घालायची, त्यावर पोट. एकदा मी आपलं विचारलं, सोलापुरात कानडी माणसं इतकी, तुम्हाला एकटं का वाटावं? त्या म्हणाल्या, "बाजारात सगळी कानडी बोलत्यात मास्तर, भाव सांगाया. जेवलीस का म्हणून इचारणारं एकच होतं." मी स्वतः खानावळीत जेवणारा माणूस. तो प्रश्न मलाही कुणी विचारत नव्हतं, पण मी बिल्ला लावून फिरत होतो म्हणून ते लक्षात येत नव्हतं, इतकंच.

छावणीत एक पांढरा बैल होता. आला तेव्हा हाडांचा सापळा, आणि पाणी प्यायचा नाही. हौदापाशी नेला की तोंड वर करून उभा राहायचा. आम्ही सगळ्यांनी चुचकारून पाहिलं, ओरडून पाहिलं. एकानं जाहीर केलं की बैल बहिरा आहे. मी त्याच्या नंबरापुढं वहीत 'बहिरा' लिहायच्या बेतात होतो, तेवढ्यात अक्कांनी पेजेची घागर खाली ठेवली आणि त्याच्या कानापाशी जाऊन म्हणाल्या, "नीर कुडी, तम्मा. नीर कुडी." पाणी पी रे, भावा. बैलानं कान हलवला, मान खाली घातली आणि एका दमात अर्धा हौद संपवला.

"बहिरं न्हाय हे जनावर," अक्का म्हणाल्या. "तुमची मराठी त्याला कळंना. आनि घरात कोन तरी बाई बोलत असंल त्याच्यासंगं. बाईच्या आवाजाचं हाय."

त्या दिवसापासून तो तम्मा झाला. अक्का आल्या की आधी त्याच्याकडं जायच्या. पेज पाजता पाजता त्याच्याशी बोलत बसायच्या, अर्धा अर्धा तास. काय बोलायच्या देव जाणे. मला 'नीर कुडी' आणि 'नडी', म्हणजे चल, एवढंच कळायचं. मी चेष्टा करायचो, अक्का, तो उलट काही बोलतो का? "तुमच्यापरीस बरं बोलतो," असं उत्तर मिळायचं. पण त्या आता पदराआडून हसायच्या, गल्लीत कुणाकुणाची चौकशी करायच्या. मडिवाळप्पा गेल्यापासून त्यांचा एवढा आवाज कुणी ऐकला नव्हता, असं शेजारची विणकरीण मला म्हणाली.

जूनमध्ये पाऊस झाला आणि माणसं आपापली जनावरं न्यायला येऊ लागली. चिठ्ठी दाखवायची, मी वही बघायची, शिंगावरचा नंबर बघायचा, दावं हातात द्यायचं. दोनशेतली बेचाळीस उरली. गुरुबसप्पाशेटांनी सांगून टाकलं की आषाढ संपेपर्यंत ज्यांचं कुणी येणार नाही ती जनावरं मंडळच सांभाळील. तम्माला न्यायला कुणी आलं नव्हतं. अक्कांनी ते ऐकलं, आणि दुसऱ्या दिवशी तम्माच्या दाव्याला नवा गोंडा बांधला. त्यावरून मी काय ते समजलो.

मग मी उरलेल्या जनावरांसाठी कडबा मागायला दोन दिवस टेंभुर्णीला गेलो. परत आलो तर छावणीत बेचाळीस जनावरं लालभडक शिंगं मिरवत उभी! मधल्या दिवशी कारहुणवी होती. कानडी मुलखातला बैलांचा सण. त्या दिवशी शिंगं घासतात, हिंगूळ लावतात, बैलाला गोडधोड घालतात. अक्कांनी आणि दोन बायांनी पहाटेपासून घासलेट आणि विटेचे तुकडे घेऊन सगळी शिंगं घासून काढली होती. गाई-म्हशीसुद्धा सोडल्या नाहीत. माझा एकही आकडा शिल्लक नव्हता.

"अक्का, नंबर कुठं आहेत?"

"पुसलं की," त्या आनंदानं म्हणाल्या. हात कोपरापर्यंत लाल. "सनाच्या दिवशी अंगावर नंबर ठिवत्यात व्हय? नंबर कैद्याला असतंय."

"मग आता कोण कुणाचं ते कळायचं कसं?"

त्या माझ्याकडं बघतच राहिल्या. मला खरंच विचारायचंय यावर त्यांचा विश्वास बसेना. "तोंडं हायत की, मास्तर."

त्यांना वाचता येत नव्हतं, आणि प्रत्येक जनावर कुणी आणलं, कुठल्या गावाहून, हे त्यांना तोंडपाठ होतं. तोंडाकडं बघूनही ओळख पटत नाही अशी माणसं जगात असतात, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. हे मला आज कळतं. तेव्हा माझं डोकं फिरलं होतं. त्यात दुसऱ्याच दिवशी एका गाईवरून दोन शेतकरी एकमेकांच्या अंगावर गेले, मला मध्ये पडावं लागलं, आणि सदऱ्याची बाही फाटली. मी तसाच अक्कांसमोर जाऊन उभा राहिलो. दहा माणसं ऐकत होती.

म्हणालो, "मला सगळं कळतं. तो एक बैल जाऊ नये म्हणून तुम्ही बेचाळीस जनावरांचे नंबर पुसलेत."

अक्कांनी घागर पालथी केली, उरलेली पेज तम्माच्या पुढ्यात ओतली आणि निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी आल्या नाहीत. तिसऱ्याही नाही. मी माफी मागायला जायला हवं होतं. मी गेलो नाही. अंगात बिल्ल्याचा माज होता, दुसरं काय.

तम्मा पुन्हा हौदापाशी तोंड वर करून उभा राहू लागला. मी आजूबाजूला कुणी नाही असं बघून एकदा म्हणून पाहिलं, "नीर कुडी." त्यानं माझ्याकडं ढुंकून पाहिलं नाही. शेवटी तहान असह्य झाली की स्वतःच थोडं पाणी प्यायचा, एवढंच.

नंबरांवाचून काही अडलं नाही, हेही सांगून टाकतो. माणसं यायची, लांबून हाक मारायची, जनावर मान वळवायचं. त्या गाईचा तंटासुद्धा ती आपणहून एकाच्या मागं चालू लागली तेव्हा मिटला. माझी वही कुणी मागितली नाही. आठवड्याभरात सहा पांढरे बैल तेवढे उरले.

आणि मग दुधनीकडचा निंगप्पा आला. साठीचा माणूस, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. चिठ्ठी एकशे सतराची. बैल भाच्यानं आणून सोडला होता, तो आता पोटापाण्यासाठी लांब गेला होता. निंगप्पानं सहाही बैलांवरून हात फिरवला. त्याच्या हाताला आठवत होता तो हाडांचा सापळा. इथं सगळे भरलेले.

"ओळखंना मला," तो म्हणाला. "जनावराचं सगळं बसम्माच बघायची. माजी बायकू. पौषात तापानं गेली." मग सगळ्यांत तरण्या बैलाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "ह्योच असंल."

घरात कोणतरी बाई बोलत असेल, हे अक्कांचं वाक्य माझ्या कानात वाजलं. त्याचा बैल कुठला ते मला उमगलं होतं. मी गप्प बसलो असतो तर निंगप्पा तरणा बैल घेऊन आनंदानं गेला असता, आणि तम्मा मंडळाकडं, म्हणजे अक्कांकडं, राहिला असता. माझ्या बोलण्याची भरपाई परस्पर झाली असती. खोटं सांगत नाही, मला मोह झाला. मग मी निंगप्पाला सावलीत बसवलं आणि सायकल काढली.

अक्का उखळापाशी होत्या. मी दारातच उभा राहून सगळं सांगितलं. "तो दुसऱ्याच बैलावर हात ठेवून उभा आहे. त्याचा कुठला ते तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही म्हणाल तो देतो."

शेजारचे माग खडखडत होते. अक्कांनी मुसळ भिंतीला टेकवलं. विचारलं, "बायकू गेली म्हनला?"

"हो."

त्यांनी हात धुतले, पदर डोक्यावर घेतला आणि माझ्यापुढं चालू लागल्या. वाटभर माफीचे शब्द माझ्या तोंडात होते, ते तोंडातच राहिले.

छावणीच्या दारातूनच त्यांनी हाक मारली, "बारो, तम्मा." ये रे. पाच बैल चरत राहिले. सहावा चालत आला आणि त्यांच्या खांद्याला नाक लावून उभा राहिला. निंगप्पा धडपडत उठला. तो बैलाकडं बघतच नव्हता. आवाजाच्या रोखानं अक्कांकडं तोंड करून म्हणाला, "अगदी अशीच हाक मारायची ती."

अक्कांनी दावं त्याच्या हातात दिलं. "बोलत जावा त्याच्यासंगं. बोलल्याबिगर पानी पीत न्हाय."

"मला बोलायची सवय ऱ्हायली न्हाय, अक्का."

"लावून घ्या," त्या म्हणाल्या.

निंगप्पानं दावं ओढलं. तम्मा हलेना. त्यानं "नडी" म्हटलं, पाठीवर थाप मारली. तम्मा अक्कांकडं बघत उभा. निंगप्पाही थांबला, मीही. आता त्याला चल म्हणायला त्या एकट्याच होत्या.

"नडी, तम्मा," अक्का म्हणाल्या. बैल चार पावलं चालला आणि थांबला. अक्का त्याच्याजवळ गेल्या. "नडी." पुन्हा चार पावलं. असं करत नाक्यापर्यंत, भर उन्हात, त्यांनी त्याला स्वतःच्या तोंडानं घालवत नेलं. नाक्यावर निंगप्पानं घाबरत, पुटपुटत काहीतरी बोलायला सुरुवात केली. कानडीत, बैलाशी. तम्मानं कान हलवला. अक्का तिथंच थांबल्या, आणि लाल शिंगं दिसेनाशी होईपर्यंत त्यांनी पुन्हा तोंड उघडलं नाही.

परत येऊन त्या तम्माच्या रिकाम्या खुंट्यापाशी बसल्या. चेहरा उन्हानं काळवंडलेला, ओठ सुकलेले. मी रांजणातून तांब्या भरून आणला. "अक्का, पाणी घ्या." त्यांनी तांब्या हातात धरला, आणि तसाच धरून बसल्या. मी म्हटलं, चूक माझी होती. म्हटलं, मला असं बोलायला नको होतं. त्यांना ऐकू गेलं की नाही कळेना. मला फार एकटं वाटलं, त्यांच्यासाठी आणि माझ्यासाठीही.

शेवटी मी खाली बसलो. मोठ्या माणसाला कानडीत आदरानं कसं म्हणतात ते मला येत नव्हतं. येत होतं तेवढं म्हणालो.

"नीर कुडी, अक्का."

त्यांनी मान वर करून माझ्याकडं पाहिलं. डोळे भरून आले. मग तांब्या तोंडाला लावला आणि सगळं पाणी प्यायल्या.