सातवा डोळा

द्राक्षाच्या काडीला डोळे असतात. फुगीर डोळ्यातून घड निघतो, चपट्यातून नुसता पाला. कात्री कुठल्या डोळ्यावर लावायची, एवढं एकच मला येतं. शाळा चौथीत सुटली, पण जुन्नर-आंबेगावचे बागायतदार छाटणीला माझी वाट बघत थांबायचे. दुसऱ्याच्या हाती मी कात्री दिली नाही. सकाळच्या धुक्यात ओळीतून चालताना वाटायचं, बागच चाललीय आणि मी उभा आहे.

त्या साली बोरी बुद्रुकची बाग आणि निरगुडसरची बाग एकाच दिवसावर आली. निरगुडसरचा मालक फोनवर म्हणाला, "नाना, परवा आला न्हाई तर दुसरा गडी लावतो. हवामान थांबत नाय, राव." ती बाग पहिल्या छाटणीपासून माझी.

माझ्यामागून, डोळे फुटावेत म्हणून छाटलेल्या काड्यांना पेस्ट लावणारी एक बाई होती, पश्चिमेच्या डोंगरातली. ती म्हणाली, "मला द्या की कात्री. किती वर्सं बघतीय."

मी हसलो. तरी बोरीची छाटणी आदल्या दिवशीच सुरू केली, तेव्हा एक ओळ तिला दिली. ती पुढं, मी दुसरी कात्री घेऊन मागं. काडीवर सहा डोळे ठेवायचे, हा माझा नेम. तिनं सात ठेवले की मी सातवा उडवायचा. दहिवर, कात्रीची टकटक, कोवळं ऊन. झोपेत चालल्यासारखं लई बरं वाटत होतं.

ओळीच्या टोकाला ती वळली. खाली पडलेले तुकडे वेचत माझ्यापर्यंत आली.

"हात करा, नाना. डोळा कसाय?"

तुकडा नाकाशी नेला. दिसेना. अंगठा फिरवला. फुगीर. दुसरा घेतला, तोही फुगीर.

"फळ सातव्यातच व्हतं. तुमी मोजून कापलं, बघून न्हाई. मागनं येणार असाल तर ही घ्या तुमची कात्री."

खरं होतं. दोन-तीन सालं मी मोजतच होतो. घरातही कुणाला बोललो नव्हतो.

"ठेव तुझ्याकडं," म्हणालो. "उद्या निरगुडसर तुझं."

चार बायका घेऊन ती पिकअपनं गेली. मी बोरीतच राहिलो, मन तिकडच्या ओळींतून तरंगत होतं. फोन दोनदा खिशातून काढला, दोनदा ठेवला.

घड निघाल्यावर तिकडच्या मालकाचा फोन आला. "नाना, पुढल्या साली ताईंनाच धाडा."

"का? मला काय झालं?"

"काय न्हाई. तुमी या की, चहा प्यायला."

"विचारून सांगतो," मी म्हणालो. "त्यांच्याकडं तारीख शिल्लक पाहिजे, भाऊ."