सतरा नंबरचा ठिपका

आधी मावशीचं सांगतो, मग माझं. मावशी म्हणजे पनवेलच्या कोळीवाड्यातली मासेवाली. बाजारात पाटी घेऊन बसते. नात्याने माझी ती कुणीच नाही. मी पार माहूरकडचा, ती खाडीकाठची. आयुष्यात पहिल्यांदा ओला बोंबील पाहिला तो तिच्या पाटीत, आणि तो लिबलिबीत दिसला म्हणून ‘मावशी, हा मासा खराब झालाय’ असं मी तिलाच बजावलं. त्या दिवसापासून ती मला ओळखते. मी आज पनवेलमध्ये आहे तो तिच्यामुळे. नाहीतर आता सांगतोय त्या भानगडीच्या वेळीच गाडी धरून घरी गेलो असतो. घरच्यांनी का आलास म्हणून विचारलंही नसतं, आणि तेच मला जास्त लागलं असतं.

आता माझं. नववीत शाळा सोडली. शाळेनेही फारसा आग्रह केला नाही. पुढे काही वर्षांनी पनवेलला येऊन स्टँडमागच्या एका सायबर कॅफेत कामाला लागलो. तेव्हा मला कशाचीही धास्ती वाटायची. प्रिंटरने कागद अडकवला तरी माझीच नोकरी अडकली असं वाटायचं.

त्या काळात सगळ्यांना नेटवर अकाउंट काढायची हौस आली होती. कोळीवाड्यातली पोरं यायची, मग त्यांचे काका, मग काकांचे मित्र. अकाउंट मी काढून द्यायचो. ते चालतंय की नाही हे बघायची माझी एक रीत होती. माझ्या अकाउंटवरून नव्या अकाउंटला फ्रेंड रिक्वेस्ट पाठवायची आणि गिऱ्हाइकाला ‘होय’ दाबायला लावायचं. बल्ब लावल्यावर बटण दाबून बघतात ना, तसं. कोळीवाड्याचा ग्रुपही कुणीतरी सांगितला म्हणून मीच काढून दिला होता. काढला आणि विसरलो.

मग मॅडम आल्या. मुंबईच्या एका संस्थेत शिकवायच्या आणि कोळीवाड्यावर संशोधन करण्यासाठी पनवेलला खोली घेऊन राहिल्या होत्या. गावात कोण कुणाशी जोडलेलं आहे, हे त्या चित्र काढून शोधायच्या. माणूस म्हणजे ठिपका, संबंध म्हणजे रेघ. आजचे संबंध त्या ग्रुपमधले कोण कुणाचे फ्रेंड आहेत यावरून काढणार होत्या आणि जुने संबंध लग्नपत्रिकांवरून. पत्रिकेत खाली निमंत्रक, व्यवस्थापक, आपले नम्र अशी नावांची रांग असते ना, त्यात ज्यांची नावं एकत्र, त्यांच्यात रेघ. पण जुन्या पत्रिका आणायच्या कुठून? मी म्हटलं, मावशीकडे विचारतो. पत्रिकेवर गणपती असतो म्हणून मावशीने एकही पत्रिका केरात टाकली नव्हती. सासूच्या काळापासूनची अख्खी ट्रंक निघाली. मॅडमनी त्या दिवशीच मला टायपिंगला ठेवलं आणि म्हणाल्या, हे काम नीट झालं तर संस्थेत तुला कायमचं घ्यायला सांगते, नववी असली तरी. मला त्या रात्री जेवण गेलं नाही.

चार महिने मी नावं टाइप केली. प्रत्येक नावाला एक नंबर दिला, कारण नावं बाहेर जायची नव्हती. मॅडमनी एकच ताकीद दिली होती, यादीतल्या कुणालाही आपल्या मनाने गाळायचं नाही.

एका सकाळी त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला. एरवी शांत असणाऱ्या बाई, पण आवाज चढला होता. कोळीवाड्यात वरची आळी आणि खालची आळी असे दोन तट. होड्या लावायच्या जागेवरून फार पूर्वी भांडण झालं आणि तेव्हापासून एकाही पत्रिकेत दोन्हीकडची नावं एकत्र नाहीत. पत्रिकांच्या चित्रातही दोन वेगळे पुंजके दिसत होते. पण नेटवरच्या चित्रात मधोमध एक मोठा ठिपका होता आणि दोन्ही आळ्यांतून त्याच्याकडे रेघाच रेघा.

“हा सतरा नंबर,” मॅडम म्हणाल्या. “दोन्ही बाजूंचा विश्वास आहे याच्यावर. पुढच्या आठवड्यातलं माझं व्याख्यान याच्यावरच करते. याला मला भेटव.”

“भेटवतो,” मी म्हणालो.

खोलीवर जाऊन वही उघडली. सतरा नंबरला माझं नाव होतं.

आता खरं सांगतो, पहिली पाच मिनिटं मला अभिमान वाटला. गावाकडे मला कुणी बैलगाडी हाकायला दिली नव्हती आणि इथे मी दोन आळ्या जोडून बसलो होतो. मग घाम फुटला. सांगितलं तर काम जाणार, नाही सांगितलं तर मॅडमची शोभा होणार. मी तिसरा मार्ग काढला आणि तीन दिवस ताप आल्याचं कळवलं.

चौथ्या दिवशी मावशीने मला बाजारात गाठलं. “काय रं, ताप उतरला वाटतं? तोंडावर तर मयत झाल्यासारका दिसतंय.”

मी सगळं सांगून टाकलं. तिने कोयता खाली ठेवला आणि पोट धरून हसली.

“आमच्या दोन आळ्यांचा समेट तू केलास? नि आमाला ठाव पन नाय?”

“मावशी, काम जाईल माझं.”

“मग सांगू नको. बाय मोठ्या लोकांत जाऊन सांगंल, सतरा नंबरचा मानूस आमचा पुढारी हाय. कोन तरी म्हनंल, दाखवा त्याला. मग तू जाशील काय टाय लावून?”



“चल,” मावशीच म्हणाली. पाटी शेजारणीच्या हवाली केली आणि पुढे चालू लागली. मॅडमच्या दारात मात्र मला पुढे ढकललं. “पयला तू बोल. मंग मी.”

मी वाटेत तीन वाक्यं पाठ केली होती. तोंडातून दोनच शब्द निघाले, “सतरा मी.”

मॅडमनी वही पाहिली, मला पाहिलं. “तू कोळीवाड्यातला?”

“नाही. माहूरचा.”

“मग यादीत कसा?”

बटण दाबून बघायची माझी रीत मी सांगितली. ग्रुप मीच काढला म्हणून मीही आपोआप त्यात आलो, हेही सांगितलं.

“आणि नंबर देताना स्वतःचं नाव दिसलं नाही?”

“दिसलं. पण तुम्ही म्हणालात, कुणालाही गाळायचं नाही.”

“घ्या,” मावशी म्हणाली. “पोरगा गुनी हाय. डोका तेवढा नाय.”

मॅडमनी लॅपटॉप मिटला. मी मनात माहूरच्या गाडीची वेळ आठवत होतो. मग मावशीनेच विचारलं, “पन बाय, पत्रिका वाटतं कोन, हे तुमी इचारलंच नाय.”

“म्हणजे?”

“भांडन झालं तरी पत्रिका द्यावी लागते. लग्नाला कोनी येत नाय, पन पत्रिका नाय गेली तर अपमान. वरच्या आळीचा पुरुष खाली जानार नाय, खालचा वर जानार नाय. म्हावरा घेऊन मी दोनीकडं जाते. मंग पत्रिका पन मीच नेनार, आदी सासू न्यायची. नेनारीला पन एक द्यावी लागते. कमरेला खोचून न्यायची, गनपतीला म्हावऱ्याचा वास नको.”

मॅडमनी खोलीत आणून ठेवलेल्या मावशीच्या ट्रंकेकडे पाहिलं. त्यात वरच्या आळीच्या पत्रिका होत्या, खालच्याही होत्या. “दोन्हीकडच्या पत्रिका एकाच घरात कशा आल्या, हा प्रश्न मला पडायलाच हवा होता,” असं त्या हळू आवाजात म्हणाल्या. आमच्यापेक्षा स्वतःलाच म्हणाल्या असाव्यात. मग माझ्याकडे वळल्या. “उद्या वेळेवर ये. आधी स्वतःला गाळ. मग मावशी सांगतील तसं लिहून घे.”

दुसऱ्या दिवशी मी स्वतःला गाळलं. एक बटण दाबलं आणि नेटवरच्या चित्राचेही सरळ दोन तुकडे झाले, पत्रिकांसारखेच. मग पुढचे चार दिवस मावशी बाजार आटोपून यायची, कुणाची पत्रिका कुणाच्या दारात दिली ते सांगायची, मी लिहायचो. रेघा भरत गेल्या. ज्या बाईचं नाव त्या ट्रंकेतल्या एकाही पत्रिकेवर नव्हतं आणि जिचं नेटवर अकाउंटही नव्हतं, तिचा ठिपका मधोमध आला.

व्याख्यानाला मला मॅडमनी मागच्या रांगेत बसवलं होतं. माझा घोळही त्यांनी नाव न घेता सांगितला. सभागृह हसलं. मीही हसलो, जरा उशिरा. पुढच्या महिन्यात संस्थेचं पत्र आलं आणि अजून मी तिथेच आहे. पनवेलहून जातो-येतो. अजूनही नव्या फाइलमध्ये आधी माझंच नाव शोधतो.

मावशीसाठी मी काय केलं? काहीच नाही. एकदा विचारलं, तर म्हणाली, “तुज्याकडं हाय काय देयाला?” खरंच नव्हतं. आता पनवेलमध्येच स्वतःची एक खोली घ्यायचं चाललंय. ताबा मिळाला की वास्तुशांत करीन. पत्रिका छापीन, आणि निमंत्रकांत पहिलं नाव मावशीचं असेल, माझ्या वडिलांच्याही वर. वडील रागावतील, त्यांची समजूत मी काढीन. ती पत्रिका दोन्ही आळ्यांत घरोघर मी स्वतः नेऊन देईन, आणि त्या दिवशी मावशीला नुसतं पाटावर बसवीन. खोलीचा ताबा कधी मिळेल ते बिल्डरलाच ठाऊक, पण एवढं मी नक्की करणार आहे.