सुईणबाईंचा काठ

आमच्या सुईणबाई पाण्याला भ्यायच्या. हे भिणं साधंसुधं नव्हतं. डोंग्यात, म्हणजे आमच्याकडच्या लाकडी होडीत, पाय पडला की त्या सरळ तळाशी फतकल मारून बसत, पदर डोक्यावरून हनुवटीपर्यंत ओढून घेत आणि पलीकडच्या काठाचं गवत हातात पडेपर्यंत डोळे उघडत नसत. आडवं मूल, पायाळू मूल, शुद्ध हरपलेली बाळंतीण, असल्या प्रसंगांत ज्या बाईचा हात कधी कापला नाही, ती बाई वैनगंगेवरच्या त्या एवढ्याशा प्रवासात थरथर कापायची. प्रवास तरी केवढा, तर अलीकडच्या काठावर पेटवलेली विडी पलीकडे पोचता पोचता विझायची.

मी तेव्हा सावली तालुक्यात, नदीकाठच्या एका खेड्यात शाळामास्तर होतो. गाव धानाचं आणि मासोळीचं. दर आठवड्याच्या बाजाराला निम्मं गाव नदीपार जायचं, त्यामुळे डोंग्यात माणसांबरोबर शेळ्या, कोंबड्या, सुकटीच्या टोपल्या आणि एखादी सायकलही असायची. डोंगा महागू ढिवराचा, आमचा नावाडी तोच. पण महागूच्या डोंग्यातली खरी करमणूक म्हणजे सुईणबाई. त्यांना दोन्ही काठांवरून बोलावणी असत, त्यामुळे ज्या पाण्याला भ्यायचं त्यावरूनच जन्मभर ये-जा करणं त्यांच्या नशिबी आलं होतं.

पदराखालून त्यांचा एकच प्रश्न सुरू असे, "काठ आला का?" त्यावर डोंग्यातल्या सगळ्यांनी "आलाच" म्हणायचं, असा रिवाज होता. डोंगा सुटून दोन वल्ही पडली नसली तरी "आलाच". मी नवा होतो, तेव्हा मास्तरकीच्या सवयीने एकदा खरं सांगून बसलो, की अजून पुष्कळ आहे. बाईंनी पदराखालूनच माझ्या पायाला जो चिमटा काढला, त्याची खूण आठवडाभर होती. शेजारचा म्हातारा मला हळूच म्हणाला की मास्तर, शाळा काठावर ठेवून येत जा.

गवताची कथा महागू प्रत्येक नव्या उतारूला सांगायचा, आणि बाई पदराखालून ती ऐकून घ्यायच्या. बाईंच्या माहेरी नदी नव्हती. होती ती गुडघाभर पाण्याची बोडी, म्हशी डुंबायच्या तेवढीच. सासरी आल्यावर पहिल्यांदा नदीपारचं बोलावणं आलं तेव्हा त्या जीव मुठीत धरून डोंग्यात बसल्या. पावसाळा सरला की आमच्याकडे वैनगंगेच्या दोन धारा होतात आणि मध्ये रेतीचा उंचवटा उघडा पडतो. उतारूंनी पहिल्या धारेनंतर रेतीवर उतरायचं, चालत पलीकडे जायचं आणि महागूच्याच दुसऱ्या डोंग्यात बसायचं. बाईंना हे कुणी सांगितलंच नव्हतं. रेतीला पाय लागताच त्यांनी तिथेच माथा टेकला, नदीमायचे आभार मानले आणि सुटकेच्या आनंदात शिदोरीतले मुरमुरे सगळ्यांना मूठ मूठ वाटले. सगळ्यांनी ते खाल्लेही. मुरमुरे संपल्यावर महागू म्हणाला, "चाला बाई, आता दुसरी धार."

बाई जागच्या जागी बसल्या. पुढे जायचं तर पाणी, मागे फिरायचं तर पाणी. ऊन वर येईपर्यंत त्या रेतीवर बसून राहिल्या आणि शेवटी पलीकडून बाळंतिणीची सासू हाका मारायला लागली तेव्हा उठल्या. त्या दिवसापासून त्यांचा माणसाच्या शब्दावरचा, निदान डोंग्यातल्या माणसाच्या शब्दावरचा, विश्वास उडाला. "रेतीले गवत येत नाई," त्या म्हणायच्या. "गवत द्या हातात, मंगच डोरे उघडतो." मग काठ आला की महागूने आधी उडी मारायची, मूठभर हरळी उपटायची आणि बाईंच्या हातात द्यायची. बाई ती बोटांनी चाचपत, मुळाची माती लागली आहे का ते पाहत आणि मग पदर मागे सारत. तोवर इतर उतारूही खोळंबून राहत. जंगलखात्याचा एक तापट गार्ड सोडला तर याबद्दल कुणी कधी कुरकुर केली नाही, आणि त्या गार्डाच्या घरी पाळणा हलल्यावर तोही गप्प झाला.

एकदा का पाय जमिनीला लागला की मात्र बाई निराळ्या होत. ज्या घरी जात त्या घरचा ताबा घेत. दारात जमलेल्या बायांतल्या निम्म्यांना हाकलत, उरलेल्यांना कामाला लावत आणि बाळंतिणीच्या नवऱ्याच्या हातात कुऱ्हाड देत. पाणी तापवायला चार काटक्या पुरल्या असत्या, पण नवऱ्याने लाकडं फोडलीच पाहिजेत. "हातात कुऱ्हाड असली का डोस्कं गप रायते," हे त्यांचं म्हणणं. आमच्या भागात एखाद्या अंगणात लाकडांचा ढीग दिसला की लोक ओळखत, या घरचं बाळंतपण लांबलेलं दिसतं.

माझी बायको पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी, म्हणजे नदीपार गेली होती. दिवाळी तोंडावर आली होती, धान लोंबीवर होतं. दुपारी शाळा चालू असताना महागू दारात येऊन उभा राहिला. तो कधी शाळेकडे फिरकत नसे, तेव्हा त्याला पाहताच मी हातातला खडू ठेवून बाहेर आलो. कळा आदल्या दिवसापासून चालू होत्या, मूल पायाळू होतं आणि तिकडच्या सुईणीने हात टेकले होते. सासऱ्यांनी निरोप धाडला होता की मास्तरला सांगा, बाईंना घेऊन या.

बाई तांदूळ पाखडत होत्या. मी काय बोललो ते मला आठवत नाही. त्यांनी सूप खाली ठेवलं, तेलाची बाटली कनवटीला लावली आणि चालू लागल्या. घाटावर आलो तर नदी तेवढ्या वेळात गढूळ होऊन फुगली होती. वर कुठेतरी अवकाळी पाऊस झाला असावा. एरवी उघडी असणारी रेती अर्धी पाण्याखाली गेली होती. महागूने बाईंकडे पाहिलं आणि जरा वाट पाहू म्हणाला. बाई थांबल्या नाहीत. पदर हनुवटीपर्यंत ओढला आणि डोंग्यात जाऊन बसल्या.

पहिल्या धारेत डोंगा सारखा प्रवाहाबरोबर खाली ओढला जात होता. डोंग्यात आम्ही तिघेच. बाईंनी विचारलं, "काठ आला का?" महागू वल्ह्याशी झुंजत होता, त्याला श्वास नव्हता. म्हणजे उत्तर मी द्यायचं होतं. एकच शब्द तर होता, पण तो तोंडातून फुटेना. माझ्या डोळ्यांपुढे पाणी नव्हतंच, सासऱ्यांच्या घरातली ती काळोखी खोली होती. बाईंनी पुन्हा विचारलं, आणि मी पुन्हा गप्प. मग जे त्या डोंग्यात कधी झालं नव्हतं ते झालं. बाईंनी पदर वर केला आणि डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं.

"मास्तर," त्या म्हणाल्या, "तुमी डोरे लावा. पाण्याकडं मी पायतो."

मी लहान मुलासारखे डोळे मिटले. मला अजून नवल वाटतं की त्यामुळे खरोखरच बरं वाटलं. रेतीवर त्यांनीच मला हाताला धरून चालवलं. घोट्याएवढं पाणी पायांवरून वाहत होतं. दुसऱ्या डोंग्यात बसल्यावर थोड्या वेळाने मीच विचारलं, काठ आला का. बाई म्हणाल्या, "आलाच."

आणि मी त्यावर विश्वास ठेवला. डोंग्यातल्या "आलाच"ची किंमत मला चांगली माहीत होती, तरी ठेवला. महागूने पुढे केव्हातरी मला सांगितलं की तेव्हा डोंगा नेहमीच्या घाटापासून कुठच्या कुठे वाहवला होता आणि काठाचा पत्ता नव्हता. बाईंचा चेहरा पांढराफटक पडला होता, डोंग्याची कड त्यांनी दोन्ही हातांनी आवळून धरली होती, पण डोळे म्हणे टक्क उघडे होते.

काठाला लागल्यावर त्यांनी महागूची वाट पाहिली नाही. स्वतः वाकून मूठभर हरळी उपटली आणि धानाच्या बांधांवरून पळत सुटल्या. मी मागे. घरात शिरताना त्यांनी सासऱ्यांना बोटाने कुऱ्हाड दाखवली, सासऱ्यांनी ती माझ्या हातात दिली. आत काय झालं ते मला बायकोने मागाहून सांगितलं. ती थकून गेली होती, आता होणार नाही म्हणत होती. बाईंनी तिच्या मुठीत ते ओलं गवत कोंबलं आणि कानाशी वाकून म्हणाल्या, "हे धर, पोरी. काठ आला. गवत कदी खोटं बोलत नाई." बायकोला डोंग्यातला रिवाज ठाऊक होता. तिनं ते गवत असं काही धरलं की नंतर बोटं एकेक करून उघडावी लागली.

मी लाकडं फोडत होतो. उन्हं कलली, फोडायची लाकडं संपली, मग मी कुंपणाच्या जुन्या खांबाला हात घातला. तेवढ्यात आतून एक बारीक, रागीट रडणं ऐकू आलं. मी कुऱ्हाड टाकली आणि दाराशी जाऊन उभा राहिलो. बाई हात पुसत दारात आल्या. मुलगी झाली आणि दोघी बऱ्या आहेत, एवढंच म्हणाल्या. आयुष्यात पुढे पुष्कळ चांगल्या बातम्या ऐकल्या, पण अंगातलं सगळं ओझं असं एकदम उतरलं ते त्या एकाच वेळी. मला हसू येत होतं की रडू, सांगता येणार नाही. बाई मात्र लाकडांच्या ढिगाकडे पाहत होत्या. "लय भेले होते मास्तर तुमी," त्या म्हणाल्या, आणि गुळाचा चहा मागून घेऊन ओसरीवर पाय पसरून बसल्या.

दोन दिवसांनी पाणी उतरल्यावर आम्ही परत निघालो. सासऱ्यांनी दिलेलं नवं लुगडं आणि तांदळाचं गाठोडं मांडीवर घेऊन बाई डोंग्याच्या तळाशी बसल्या, पदर हनुवटीपर्यंत ओढला आणि विचारलं, "काठ आला का?" मी म्हटलं, बाई, परवा तर डोळे चांगले उघडे होते, आता कशाला मिटता? पदराखालून उत्तर आलं, "थे काम होतं, मास्तर. हे फिरनं हाये." मग मीही मुकाट्याने "आलाच" म्हणालो, आणि पलीकडे पोचल्यावर महागूच्या आधी उडी मारून गवत मीच उपटून दिलं.

पुढे माझी बदली बल्लारपूरकडे झाली. एका पावसाळ्यानंतर महागूचा कुणीतरी नातलग भेटला आणि म्हणाला की सुईणबाईंचं आता खरं नाही, अंथरुणाला खिळल्या आहेत. आम्ही मुलीला घेऊन गेलो. बाई ओसरीवर खाटेवर पडल्या होत्या, डोळे मिटलेले, अंग चिपाडासारखं झालेलं. लेक आणि सून उशाशी होते. सून म्हणाली की दोन दिवस झाले, माणूस ओळखत नाहीत, मधूनमधून एकच विचारतात. आम्ही बसलो न बसलो तोच बाईंचे ओठ हलले.

"काठ आला का?"

लेक म्हणाला, आलाच. सून म्हणाली, आलाच. महागूही तिथे खांबाला टेकून बसला होता, तोही म्हणाला. बाईंच्या कपाळावरची आठी मात्र जाईना. शब्दावर त्यांचा विश्वास नव्हताच कधी. इतक्यात माझी बायको उठली, अंगणात उतरली आणि आडाजवळच्या ओलीतली हरळी मुळासकट उपटून घेऊन आली. तिनं ती बाईंच्या हातात दिली आणि बोटं वरून मिटली.

बाईंनी ती चाचपली. नेहमीसारखीच, आधी पाती, मग मुळं. मुळांना लागलेली माती त्यांनी अंगठ्याने चुरून पाहिली. कपाळावरची आठी हळूहळू गेली, आणि त्यांनी एक लांब श्वास सोडला, डोंगा काठाला टेकल्यावर सोडायच्या तसा.

"खरा हाये," त्या म्हणाल्या.

डोळे काही त्यांनी उघडले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या गेल्या. मूठ तशीच मिटलेली होती आणि लेकाने ती उघडू दिली नाही.