गफूरभाऊंचं चुकलेलं भाकीत

परंदवडीचे गफूरभाऊ म्हणजे आमच्या गावाची हुशारी, हे मी ताठ मानेनं सांगतो. देहूरोडच्या डेपोत ते फिटर होते. यंत्र उघडायच्या आधीच त्याचं दुखणं त्यांना कळे. तीस वर्षांपूर्वी चावडीपुढच्या पारावर बसून ते आम्हाला पुढचा काळ सांगायचे. फोनला तार राहणार नाही, तो खिशात मावेल, त्यात समोरच्याचं तोंड दिसेल. आम्ही हसायचो. सगळं खरं झालं. पण त्याच दमात ते म्हणायचे, की मग माणूस माणसाच्या दारात जाणार नाही आणि सगळ्यात आधी सावड मोडेल. पारावरची बैठक मोडली, तेवढं त्यांचं खरं.

सावड म्हणजे आज सगळ्यांनी मिळून माझं भात लावायचं, उद्या तुमचं. तिचं बोलावणं घरच्या कर्त्यानं स्वतः दारोदार जाऊन द्यायचं, ही इथली रीत.

यंदा ऐन लावणीत भाऊ बांधावरून घसरले. पाय प्लास्टरमध्ये. वाफ्यातली रोपं जून होत चालली. आणखी चार दिवस गेले असते, तर वर्षाचं भात हातचं गेलं असतं. सून जन्नत म्हणाली, गावाच्या ग्रुपवर सांगू. भाऊंनी साफ नकार दिला. ज्या फोननं सावड मोडायची, त्याच्यावरूनच सावड कशी मागायची, असं त्यांचं म्हणणं. कुणी येणार नाही, हे त्यांनी तीस वर्षांपूर्वीच ठरवून टाकलं होतं.

जन्नतनं ऐकलं नाही. तिनं ग्रुपवर आपला आवाजच पाठवला, "अब्बांना चालता येत न्हाई. त्यांच्या जागी मी तुमच्या दारात उभी हाय, असं समजा."

सकाळी भाऊंच्या खाचरात गावातली एकवीस माणसं उतरली. रतनबाई, हनुमंत, कंपनीतली पाळी बदलून आलेला सत्यम, आणि मीही. भाऊ बांधावर खुर्चीत बसून नुसते बघत राहिले. रतनबाईनं चिखलातूनच टोमणा मारला, "काय ओ भाऊ, आमी येनार न्हाई म्हणून तुमाला कुनी सांगितलं? फोननं?"

भाऊ म्हणाले, "यंत्राचं मला कळलं. माणसांना लय कमी धरलं मी. मला खोटं पाडलंत, उपकार झाले तुमचे."

दुसऱ्या दिवशी हनुमंताची लावणी होती. भाऊंनी जन्नतला रिक्षा बोलवायला लावली. वाकता येत नव्हतं, म्हणून दिवसभर बांधावर बसून रोपांच्या जुड्या बांधल्या. जुडी देताना घेणाऱ्याचं नाव घेत होते.